फिल्म परत आणणारा टेहळणी उपग्रह कोरोना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या कोरोना मालिकेतल्या उपग्रहांबद्दल, विशेषतः शेवटच्या केएच-४बी प्रकाराबद्दल, जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. ‘केएच’ म्हणजे ‘कीहोल’, या उपग्रहांच्या कॅमेऱ्यांचे सांकेतिक नाव. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फिल्म परत आणणारा उपग्रह म्हणजे नेमके काय? फिल्म खरोखर खाली यायची का?

हो, खरोखर यायची. उपग्रहात मोठे रीळ, कॅमेरा आणि नाकाशी एक कॅप्सूल असे. फोटो काढून झालेली फिल्म कॅप्सूलमधल्या रिळावर गुंडाळली जाई. रीळ भरले की कॅप्सूल सुटी होऊन वातावरणातून खाली येई, पॅराशूट उघडे आणि विमान ती हवेतच पकडे. फिल्म धुण्याचे काम पृथ्वीवरच होई. कॅमेरा परत येत नसे, उपग्रहाच्या उरलेल्या भागाबरोबर तो वातावरणात जळून जाई. म्हणजे प्रत्येक मोहिमेला नवा कॅमेरा लागे.

कोरोना हा सीआयए आणि अमेरिकी हवाई दल यांचा संयुक्त प्रकल्प. त्याला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी फेब्रुवारी १९५८ मध्ये मान्यता दिली. जगाला मात्र ‘डिस्कव्हरर’ या वैज्ञानिक मालिकेचे नाव सांगितले गेले. शेवटची मोहीम मे १९७२ मध्ये झाली.

२. ‘कोरोना’ हे नाव कॅमेऱ्यातल्या विजेच्या ठिणग्यांवरून पडले का?

नाही. नाव १९५८ पासूनचे आहे. फिल्मवर स्थिर विजेचे डाग पडायला लागले ते कॅमेरे अवकाशात गेल्यानंतर. त्या प्रकारच्या विद्युत स्रावालाही ‘कोरोना’च म्हणतात, म्हणून गोंधळ होतो. त्या डागांचे काय केले, ते प्रश्न ८ मध्ये आहे. विषाणूशी या नावाचा काडीचाही संबंध नाही.

३. एवढा खटाटोप कशाला? चित्रे रेडिओने का पाठवली नाहीत?

तेव्हाच्या रेडिओला ते ओझे पेलणारे नव्हते. केएच-४बीची एक फ्रेम सुमारे ५५ मिलिमीटर रुंद आणि ७५७ मिलिमीटर लांब असते. आज ती ७ मायक्रॉनला स्कॅन केली तर साधारण ८५ कोटी बिंदू होतात, आणि एका मोहिमेत अशा हजारो फ्रेम असत. अमेरिकेने त्याच काळात सॅमोस नावाचा दुसरा मार्ग करून पाहिला होता. त्यात फिल्म उपग्रहातच धुवायची, प्रकाशाच्या ठिपक्याने वाचायची आणि संकेत खाली पाठवायचे. ते जमले, पण उपग्रह ग्राहक केंद्राच्या टापूत असतो त्या मोजक्या मिनिटांत फारच थोडी माहिती उतरे. पुढे चंद्राचे नकाशे करणाऱ्या ल्युनार ऑर्बिटरने हीच पद्धत वापरली. तिथे घाई नव्हती, म्हणून ती चालून गेली.

फिल्म म्हणजे त्या काळातली सर्वांत दाट साठवण. ती हाताने आणायची हे एकदा ठरले की बाकीची रचना त्यातूनच येते. मोहीम किती दिवस चालणार हे रिळाची लांबी ठरवते, कक्षा कुठून जाणार हे कॅप्सूल कुठे पडायला हवी त्यावरून ठरते, आणि बातमी किती शिळी होणार हे विमानाच्या उड्डाणावर अवलंबून राहते.

४. केएच-४बीचे तांत्रिक आकडे एका जागी मिळतील का?

हे मुख्य आकडे:

- काळ: सप्टेंबर १९६७ ते मे १९७२, १७ मोहिमा (क्रमांक ११०१ ते १११७)
- कॅमेरे: आयटेक कंपनीचे दोन पॅनोरमिक कॅमेरे, एक १५ अंश पुढे आणि एक १५ अंश मागे झुकलेला
- भिंग: पेट्झवाल रचना, नाभीय अंतर २४ इंच म्हणजे ६१० मिमी, एफ/३.५
- झाडणीचा, म्हणजे भिंग आडवे फिरते त्याचा कोन: सुमारे ७० अंश (प्रश्न ५)
- फिल्म: ७० मिमी रुंद, प्रत्येक कॅमेऱ्याला सुमारे ४,९०० मीटर
- कॅप्सूल: दोन, प्रत्येकीत साधारण ३६ किलो फिल्म
- कक्षेची नीचतम उंची: सुमारे १५० किमी
- जमिनीवरची विभेदनक्षमता: सुमारे १.८ मीटर (अर्थ प्रश्न १३ मध्ये)
- एका फ्रेमचे क्षेत्र: साधारण १४ × १८८ किमी
- वाहक: थॉर रॉकेट आणि त्यावर अजेना टप्पा, उड्डाण कॅलिफोर्नियातील व्हॅन्डनबर्गहून

क्षेत्राच्या आकड्याबद्दल एक खुलासा. १८८ किमी ही लांबी फ्रेमच्या मधल्या भागाचे प्रमाण सगळीकडे धरून काढलेली आहे. दोन्ही कडांना जमीन तिरकी दिसते आणि तिथले प्रमाण लहान होते. ते हिशेबात घेतले तर १५० किमी उंचीवरून जमिनीवरची खरी पट्टी २०० किमीच्या पुढे जाते. नकाशावर फ्रेम ‘ठरल्यापेक्षा लांब’ भरते असे अनेक जण कळवतात, त्याचे कारण हेच (प्रश्न १७ पाहा).

५. पॅनोरमिक कॅमेरा साध्या कॅमेऱ्यापेक्षा वेगळा कसा?

साधा कॅमेरा सगळी चौकट एकदम टिपतो. त्यासाठी भिंग कडेपर्यंत धारदार असावे लागते, आणि एवढ्या लांब नाभीय अंतराचे तसे भिंग जड आणि अवघड होते. पेट्झवाल भिंग मध्यभागी अप्रतिम असते, कडेला बिघडते. आयटेकच्या अभियंत्यांनी त्याचा फक्त मधला, जेमतेम ५ अंशांचा भाग वापरला आणि भिंग उपग्रहाच्या मार्गाला आडवे फिरवले. फिल्म कमानीसारखी वाकवून स्थिर धरायची, भिंगाबरोबर एक अरुंद फट तिच्यावरून सरकत जाते आणि पट्टी रंगवावी तशी प्रतिमा उमटत जाते. एका झाडणीत उजव्या क्षितिजाकडून डाव्या क्षितिजाकडचा ७० अंशांचा पट्टा मिळतो.

केएच-४एपर्यंत या यंत्रणेत मागेपुढे झुलणारा भाग होता. प्रत्येक हेलकाव्याला तो उपग्रहाला हिसका देई आणि थरथर चित्रात उतरे. केएच-४बीत भिंग आणि फट एका ढोलात बसवून एकाच दिशेने सतत फिरवली. नव्या विभेदनक्षमतेतला मोठा वाटा या बदलाचा आणि खालच्या कक्षेचा आहे, भिंग तेच राहिले.

६. उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर पळतो. मग चित्र हलत का नाही?

भरपाई केली नाही तर हलतेच. एक्स्पोजर १/५०० सेकंद धरले तरी तेवढ्यात उपग्रहाखालून सुमारे १५ मीटर जमीन सरकते, मग दोन मीटरचा तपशील कुठून दिसणार? १५० किमी उंचीवरून ६१० मिमीच्या भिंगामागे प्रतिमा फिल्मवर सेकंदाला ३० मिलिमीटरच्या आसपास धावते. म्हणून झाडणी चालू असताना कॅमेऱ्याचा भाग त्याच वेगाने हळूच डोलवला जाई आणि प्रतिमा फिल्मच्या मानाने थांबून राही.

हा वेग उंचीवर अवलंबून असतो, आणि लंबवर्तुळाकार कक्षेत उंची सतत बदलते. त्यामुळे वेग व उंची यांच्या गुणोत्तराचा कार्यक्रम आधीच भरून ठेवावा लागे. कक्षा अपेक्षेपेक्षा वेगळी निघाली किंवा घड्याळ सरकले की भरपाई चुके आणि चित्र मार्गाच्या दिशेने पुसट होई. एखादी फ्रेम उत्तर-दक्षिण दिशेने ओढल्यासारखी आणि पूर्व-पश्चिम दिशेने धारदार दिसली तर बहुधा दोष इथलाच असतो.

७. दोन कॅमेरे कशासाठी?

उंची मोजण्यासाठी. पुढचा कॅमेरा एक जागा टिपतो, उपग्रह सुमारे ८० किमी पुढे जातो आणि १० ते ११ सेकंदांनी मागचा कॅमेरा तीच जागा दुसऱ्या बाजूने टिपतो. दोन्हींत ३० अंशांचा कोन पडतो. ही जोडी त्रिमितीदर्शकाखाली ठेवली की इमारती, खड्डे आणि टेकड्या उठून दिसतात. ही सोय केएच-४पासून, म्हणजे १९६२ पासून आली. केएच-१ ते केएच-३ मध्ये एकच कॅमेरा होता.

त्यांच्या जोडीला एक लहान कॅमेरा जमीन आणि तारे टिपत असे. ताऱ्यांच्या फोटोवरून उपग्रह त्या क्षणी नेमका कुठे तोंड करून होता हे काढता येई, नाहीतर नकाशा करणाऱ्यांना त्या लांब पट्ट्यांचा उपयोग थोडाच.

८. फिल्म कोणती होती, आणि तिच्यात काय काय बिघडायचे?

ईस्टमन कोडॅकची, बारीक कणांची काळी-पांढरी फिल्म. रंगीत आणि अवरक्त फिल्म काही मोहिमांत थोडीफार चाचणीसाठी गेली, मुख्य काम काळ्या-पांढऱ्यानेच केले.

पहिली अडचण पायाची, म्हणजे फोटो उमटणारा थर ज्यावर असतो त्या प्लॅस्टिकच्या पट्टीची. सुरुवातीला फिल्मचा पाया ॲसिटेटचा होता. निर्वात अवकाशात त्यातला ओलावा आणि द्रावक निघून जाई, तो ठिसूळ होई आणि कॅमेऱ्यातच तुटे. तुटलेला तुकडा यंत्रात अडकला की मोहीम संपली. कोडॅकने पॉलिएस्टर पाया आणला आणि हे दुखणे गेले. तो पातळ आणि मजबूत असल्याने त्याच वजनात जास्त लांबी बसू लागली. केएच-४बीची फिल्म पायासकट सुमारे ०.०७ मिमी जाडीची, नेहमीच्या लिहायच्या कागदाहून पातळ. तशी जवळजवळ पावणेदहा किलोमीटर फिल्म दोन कॅमेऱ्यांतून न अडकता सरकवायची, ही कोरोनातली सर्वांत कमी गाजलेली आणि आमच्या मते सर्वांत कठीण गोष्ट.

दुसरी अडचण स्थिर विजेची. रबरी रुळांवरून फिल्म सुटताना प्रभार साचे, विरळ हवेत त्याचा स्राव होई आणि त्या उजेडाने फिल्मवर धुरकट पट्टे किंवा झाडाच्या फांद्यांसारखे डाग पडत. उपाय दोन केले. रूळ एकेक तपासून निवडले, आणि कॅमेरा चालू असताना आत थोडा वायू सोडून दाब अशा पातळीवर नेला की स्राव होणार नाही. तरी डाग पूर्ण गेले नाहीत. स्कॅनमध्ये कडेला एकसारख्या अंतराने उजळ डाग दिसले तर ते ढग समजू नका.

९. कॅप्सूल परत आणण्याची क्रिया क्रमाने सांगाल का?

पहिल्या कॅप्सूलचे रीळ भरले की फिल्म कापली जाई आणि पुढची फिल्म दुसऱ्या कॅप्सूलच्या रिळावर चढे. दोन कॅप्सूलची ही सोय केएच-४एपासून, म्हणजे ऑगस्ट १९६३ पासून आहे.

मग उपग्रह उत्तरेकडून अलास्कावर येई, तेव्हा तिथल्या केंद्राशी संपर्क साधून परतीचा क्रम सुरू होई. अजेना टप्पा नाक खाली झुकवून ठरलेल्या कोनात स्थिरावे आणि कॅप्सूल सुटी होई. सुटल्यावर ती थंड वायूच्या झोताने स्वतःभोवती गरगर फिरवली जाई, कारण तिच्याकडे दिशा राखायचे दुसरे साधन नव्हते. फिरणाऱ्या भोवऱ्याचा अक्ष ढळत नाही, तेवढ्यावरच सगळी भिस्त. मग वेग कमी करणारे लहान रॉकेट पेटे, गरगर थांबवली जाई आणि रॉकेटचा भाग गळून पडे. पुढे वातावरणाशी घर्षण. कवचाचा बाहेरचा थर जळत जाई आणि उष्णता घेऊन जाई. सुमारे १८ किमी उंचीवर कवच सुटे, आधी लहान आणि मग मोठे पॅराशूट उघडे.

खाली हवाई बेटांजवळ विमाने घिरट्या घालत असत, आधी सी-११९ आणि नंतर सी-१३०. विमानाच्या मागून दोन दांड्यांमध्ये ताणलेल्या, आकडे लावलेल्या दोऱ्या लोंबत. वैमानिक पॅराशूटच्या अगदी वरून विमान नेई, आकडा पॅराशूटमध्ये अडके आणि गडगडीने कॅप्सूल आत ओढली जाई. १९ ऑगस्ट १९६० रोजी कॅप्टन हॅरॉल्ड मिचेल यांनी डिस्कव्हरर-१४ची कॅप्सूल तिसऱ्या प्रयत्नात अशी पकडली. कक्षेतून आलेली वस्तू हवेत पकडण्याची ती पहिली वेळ.

१०. विमानाच्या हातून निसटली तर?

कॅप्सूल समुद्रात पडून तरंगे आणि जहाज किंवा हेलिकॉप्टर तिला उचले. तिच्यात रेडिओ संकेत आणि लुकलुकता दिवा असे. कोणालाच सापडली नाही तर शत्रूच्या हाती लागू नये म्हणून तळाशी मिठाची गुडदी बसवलेली होती. साधारण दोन दिवसांत ती विरघळे, आत पाणी शिरे आणि कॅप्सूल बुडे.

जमिनीवर पडली तर मात्र मिठाचा उपयोग नाही. १९६४ मध्ये मोहीम १००५च्या उपग्रहाने परतीचे आदेश पाळलेच नाहीत, कक्षा आपोआप घसरत गेली आणि कॅप्सूल व्हेनेझुएलात ला फ्रिया या गावाजवळ पडली. शेतमजुरांना ती सापडली. त्यानंतर कॅप्सूलवरचा ‘गुप्त’ हा शिक्का काढून आठ भाषांत बक्षिसाची सूचना लावण्यात आली. आमच्या मते हा बदल शहाणपणाचा होता. गुप्त असे लिहिलेली वस्तू कोण परत करणार?

११. फोटो काढल्यापासून पाहायला मिळेपर्यंत किती वेळ लागे?

नेमका एक आकडा देता येत नाही. कॅप्सूल भरेपर्यंत फिल्म वरच असते, त्यामुळे पहिल्या दिवशी काढलेला फोटो आठवडाभर कक्षेतच फिरे. पकडल्यावर ती विमानाने न्यू यॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला कोडॅककडे जाई, धुतली जाई, प्रती निघत आणि मग वॉशिंग्टनला वाचणाऱ्यांकडे पोचत. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत फौजा चेकोस्लोव्हाकियात शिरल्या, तेव्हा त्यांची जमवाजमव दाखवणारी फिल्म आक्रमणानंतर हाती आली. ही उणीव फिल्म पद्धतीत मूळचीच होती. डिसेंबर १९७६ मध्ये गेलेल्या केएच-११ने इलेक्ट्रॉनिक चित्रे थेट पाठवायला सुरुवात केली तेव्हाच ती भरून निघाली.

क्षेपणास्त्रतळ मोजणे, विमानतळ शोधणे, नकाशे करणे अशा सावकाश बदलणाऱ्या गोष्टींसाठी मात्र कोरोना पुरेसा होता. सोव्हिएत संघाकडे शेकडो आंतरखंडीय क्षेपणास्त्रे असतील हा धसका याच फोटोंनी घालवला. सप्टेंबर १९६१ च्या अमेरिकी अंदाजात तो आकडा १० ते २५ प्रक्षेपकांवर आला.

१२. पहिल्या डझनभर मोहिमा का फसल्या?

एकाच कारणाने नव्हे, म्हणून तर ते इतके दिवस चालले. कधी रॉकेट फसले, कधी अजेना कक्षेत पोचला नाही, कधी फिल्म तुटली (प्रश्न ८). डिस्कव्हरर-२ मध्ये कॅमेरा नव्हता, पण वेळेच्या चुकीने कॅप्सूल भलत्याच जागी, आर्क्टिकमधल्या स्पिट्सबर्गेनच्या बाजूला उतरली आणि कधीच हाती लागली नाही. डिस्कव्हरर-५ची कॅप्सूल चुकीच्या दिशेला तोंड करून होती. वेग कमी करणाऱ्या रॉकेटने उलट वेग वाढवला आणि ती आणखी उंच कक्षेत गेली.

डिस्कव्हरर-१३ मध्ये फिल्म नव्हती, आत अमेरिकेचा झेंडा होता. ती कॅप्सूल ११ ऑगस्ट १९६० रोजी समुद्रातून उचलली गेली. आठवड्याभरात डिस्कव्हरर-१४ने सुमारे ९ किलो फिल्म आणली. त्या एका रिळात सोव्हिएत भूमीचा जेवढा भाग होता तेवढा त्याआधीच्या सगळ्या यू-२ या टेहळणी विमानांच्या फेऱ्यांत मिळून नव्हता. त्याच दिवशी, १९ ऑगस्टला, सोव्हिएत हद्दीत पाडलेल्या यू-२चा वैमानिक गॅरी पॉवर्स याला मॉस्कोत शिक्षा सुनावली गेली.

१३. १.८ मीटर विभेदनक्षमता म्हणजे माणूस दिसतो का?

नाही. याचा अर्थ चांगल्या उजेडात, ठळक फरक असलेल्या दोन वस्तू साधारण तेवढ्या अंतरावर असल्या तर वेगळ्या कळतात. ट्रक, रेल्वेचा डबा, विमानाचा आकार ओळखता येतो. माणूस, गाडीचा क्रमांक, चेहरा यांच्याबद्दल पसरलेल्या गोष्टी खोट्या आहेत. वस्तू लांबट असेल तर मात्र १.८ मीटरहून अरुंद असूनही दिसते. पायवाट, कालवा, कुंपण अशा रेषा डोळा जोडून घेतो.

सुरुवातीच्या केएच-१ची क्षमता १२ मीटर होती, केएच-२ची सुमारे ७.६, केएच-४एची २.७. क्षमता तपासण्यासाठी ॲरिझोनात कासा ग्रांडेजवळ जमिनीवर मैला-मैलाच्या अंतरावर काँक्रीटचे मोठे फुलीसारखे खुणेचे ठोकळे बांधले होते. त्यांतले कित्येक आजही उपग्रहचित्रांत दिसतात.

१४. गॅम्बिट आणि हेक्सागॉन म्हणजे कोरोनाचेच पुढचे प्रकार का?

नाही, वेगळे उपग्रह. पद्धत तीच. कोरोना मोठा प्रदेश धुंडाळायचा आणि १९६३ पासूनचा गॅम्बिट एखादी जागा जवळून पाहायचा. कोरोनाची जागा घेतली ती हेक्सागॉनने, म्हणजे केएच-९ने. पहिले उड्डाण १५ जून १९७१, एकूण २० उड्डाणे, शेवटचे एप्रिल १९८६ मध्ये रॉकेटच्या स्फोटात गेले. त्याच्या मुख्य कॅमेऱ्यांचे नाभीय अंतर ६० इंच, विभेदनक्षमता सुमारे ०.६ मीटर, फिल्म सुमारे ९६ किमी आणि चार कॅप्सूल. बारा मोहिमांवर नकाशासाठी वेगळा कॅमेरा आणि त्याची पाचवी कॅप्सूलही होती.

पहिल्याच हेक्सागॉनच्या तिसऱ्या कॅप्सूलचे पॅराशूट फसले आणि ती पॅसिफिकच्या तळाशी, सुमारे ५ किमी खोल गेली. एप्रिल १९७२ मध्ये त्रिएस्ते-२ या पाणबुडीयानाने ती उचलली, पण वर येताना फिल्मचे तुकडे झाले.

१५. रशिया, चीन आणि भारताने काय केले?

सोव्हिएत संघाच्या जेनिटचा ढाचा गागारिनच्या व्होस्तोकचाच. त्यात २.३ मीटर व्यासाचा गोळा कॅमेऱ्यांसकट परत येई, आणि समुद्रावर नव्हे तर स्वतःच्या जमिनीवर उतरे. कॅमेरे पुन्हा वापरता येत, ही त्याची जमेची बाजू. वजन मात्र पावणेपाच टनांच्या आसपास. पहिली यशस्वी मोहीम एप्रिल १९६२ ची कॉसमॉस-४. चीनने नोव्हेंबर १९७५ मध्ये एफएसडब्ल्यू मालिकेतली पहिली कॅप्सूल परत आणली.

भारताच्या दूरसंवेदनाने फिल्मचा रस्ता धरला नाही. मार्च १९८८ चा आयआरएस-१ए सुरुवातीपासून इलेक्ट्रॉनिक संवेदकांचा. कक्षेतून वस्तू सुखरूप परत आणण्याचे तंत्र इस्रोने वेगळ्या हेतूने सिद्ध केले. १० जानेवारी २००७ रोजी गेलेली ५५० किलोची एसआरई-१ कॅप्सूल २२ जानेवारीला बंगालच्या उपसागरात उतरली.

१६. माझ्या गावाचा कोरोना फोटो मिळेल का? कसा शोधायचा?

मिळण्याची शक्यता आहे, खात्री नाही. कॅमेऱ्यांचे लक्ष्य सोव्हिएत संघ आणि चीन होते. भारतावरच्या फ्रेम आहेत, पण सगळीकडे सारख्या नाहीत. कोरोना आणि त्याच्या जोडीच्या दोन लहान मालिका मिळून ८,६०,००० हून अधिक चित्रे २२ फेब्रुवारी १९९५ च्या आदेशाने खुली झाली. हेक्सागॉनची नकाशाचित्रे २००२ मध्ये आली. सगळी अमेरिकेच्या यूएसजीएस या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेकडे आहेत.

तिच्या अर्थएक्सप्लोरर या संकेतस्थळावर खाते उघडा. नकाशावर गावाभोवती लहान चौकोन आखा, फक्त गावाचा एक बिंदू देऊ नका, कारण फ्रेमच्या कडा नोंदीत थोड्या सरकलेल्या असतात. माहितीच्या प्रकारांत ‘डीक्लासिफाइड’ गट निवडा: पहिला कोरोनाचा, दुसरा गॅम्बिट व हेक्सागॉनच्या नकाशाचित्रांचा, तिसरा हेक्सागॉनच्या मुख्य कॅमेऱ्यांचा. तारखांत नोव्हेंबर ते मार्च आधी पाहा. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबरच्या फ्रेम बहुधा ढगांनी भरलेल्या निघतात. मग प्रत्येकीचे लहान चित्र उघडून गाव ढगाखाली तर नाही ना हे बघा. कोणीतरी आधी स्कॅन करून घेतलेली फ्रेम फुकट उतरवता येते. न झालेली हवी असेल तर प्रति फ्रेम ३० डॉलर शुल्क भरून स्कॅन मागवावे लागते, आणि ते झाले की सगळ्यांनाच फुकट मिळते. एका गावाने पैसे भरले तर त्या पट्ट्यातल्या शंभर गावांचे काम होते, हे लक्षात ठेवून जिल्ह्यातल्या मंडळींनी वर्गणी काढावी असे आम्ही आवर्जून सांगतो.

भीमेचे जुने पात्र पाहायचे असेल तर कोरोना नेमका कामाचा आहे, कारण उजनी धरण १९८० मध्ये पुरे झाले. पैठणच्या जायकवाडीचेही तेच, ते १९७६ चे. कोयनेचा शिवसागर मात्र साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच भरू लागला होता, तिथे ‘आधीचे’ चित्र मिळणे कठीण.

फ्रेमचा क्रमांक असा वाचा. डीएस या अक्षरांनंतरचे चार अंक मोहिमेचे. १००१ ते १०५२ म्हणजे केएच-४ए, ११०१ पासून केएच-४बी. आडव्या रेघेनंतरचा पहिला अंक कॅप्सूलचा, १ किंवा २, आणि पुढचे तीन प्रदक्षिणेचे. मग डी म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारी फेरी, ए म्हणजे उलट. त्यापुढे एफ म्हणजे पुढे पाहणारा कॅमेरा, ए म्हणजे मागे पाहणारा. शेवटचे अंक फ्रेमचे. त्रिमिती जोडी हवी असेल तर तीच मोहीम, तीच प्रदक्षिणा आणि एक एफ व एक ए घ्या. दोन्हींचे फ्रेमक्रमांक सारखे नसतात, कारण मागचा कॅमेरा त्याच जागेवर काही फ्रेम उशिरा येतो (प्रश्न ७). म्हणून जुळणी क्रमांकावरून नव्हे, लहान चित्रावरून करा.

१७. फ्रेम उतरवली, पण नकाशावर बसतच नाही. काय चुकते आहे?

तुमचे काही चुकत नाही. आधी हे बघा की एक फ्रेम चार तुकड्यांत स्कॅन केलेली असते. तुकड्यांमध्ये थोडा भाग दोनदा येतो, त्यावरून ते जोडा. किंवा गाव ज्या तुकड्यात आहे तेवढाच घ्या, बहुतेक कामांना तो पुरतो. उत्तर दिशा वर असेल असे धरू नका. उपग्रह उत्तर-दक्षिण पळत असल्याने फ्रेमची लांब बाजू ढोबळमानाने पूर्व-पश्चिम असते, पण चित्र १८० अंश फिरलेलेही असू शकते.

खरी अडचण पॅनोरमिक ताणाची आहे. मधोमध केएच-४बीचे प्रमाण साधारण १:२,४७,५०० असते, म्हणजे ७ मायक्रॉनच्या स्कॅनमध्ये एक बिंदू सुमारे १.७ मीटरचा. ३५ अंश कडेला जमीन दूर आणि तिरकी होते. मार्गाच्या दिशेने प्रमाण सुमारे १.२ पट आणि आडव्या दिशेने जवळजवळ दीड पट लहान होते. त्यात कॅमेरा १५ अंश झुकलेला आणि झाडणी चालू असताना उपग्रह पुढे सरकणारा, त्यामुळे सरळ रस्ताही किंचित वाकलेला दिसतो. चार कोपऱ्यांवर चार खुणा लावून पूर्ण फ्रेम बसवायचा प्रयत्न केला तर मध्ये शेकडो मीटरची चूक राहते.

काम लहान असेल तर असे करा: क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये गावाभोवतीचा ५ ते १० किमीचा तुकडा कापा, आणि १५ ते २० खुणा सगळीकडे पसरून द्या. जुने देऊळ, दगडी पूल, किल्ल्याचा बुरूज, रेल्वेचे फाटक अशा न हललेल्या गोष्टी निवडा. नदीचे वळण, विहिरीचे झाड, शेताचा बांध यांवर विश्वास ठेवू नका. सपाट भागात खुणांवरून चित्र वळवायला दुसऱ्या घाताची बहुपदी हे गणिती सूत्र पुरते. सह्याद्रीत ती पुरणार नाही, कारण उंचीमुळे चित्रातली जागाच सरकते. १५ अंश झुकावाला १०० मीटर उंचीच्या फरकाने साधारण २७ मीटर सरक येते. तिथे उंचीचे प्रतिमान वापरून, कॅमेऱ्याची पॅनोरमिक भूमिती हाताळणारे सॉफ्टवेअरच लागेल.

१८. मग उंची मोजायला कोरोना चांगला की हेक्सागॉन?

लहान जागेच्या बारीक तपशिलाला कोरोना, मोठ्या प्रदेशाला हेक्सागॉनचा नकाशा कॅमेरा. त्याची फ्रेम २३ × ४६ सेंटिमीटरची, सगळी एकदम टिपलेली, म्हणून पॅनोरमिक ताण नाही. तिच्यावर एकेक सेंटिमीटर अंतरावर बारीक फुल्यांची जाळी छापलेली असते. साठवणीत फिल्म आकसली किंवा ताणली गेली असेल तर त्या फुल्यांवरून ती सरळ करता येते. कोरोनात अशी जाळी नाही. विभेदनक्षमता मात्र ६ ते ९ मीटर. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिमालयाच्या अभ्यासात हीच जुनी चित्रे वापरून सुमारे ६५० हिमनद्यांची उंची काढली गेली, आणि १९७५ ते २००० च्या मानाने २००० नंतर बर्फ दुप्पट वेगाने घटत असल्याचे दिसले.

ताज्या बर्फावर किंवा एकसारख्या वाळूवर मात्र दोन्हींचा उपाय चालत नाही. पृष्ठभाग पांढराफटक येतो, जुळवायला खूण मिळत नाही आणि सॉफ्टवेअर भलतीच उंची काढते. असे पट्टे आधी हाताने वगळा, मगच फरक मोजा.